ओट्यावरची घरभेट

मी सव्वीस वर्षं सिस्टर लोकांच्या शाळेत मराठी शिकवलं. शाळा जुन्नर तालुक्यातली. नाव लिहीत नाही, कारण जे सांगायचं आहे त्यात दोष शाळेचा नाही, माझा आहे. निवृत्त झालो तेव्हा सत्काराला तीन जणांनी माझ्याबद्दल एकच गोष्ट सांगितली, की सर नुसते शिकवत नव्हते, मुलांच्या घरापर्यंत पोहोचत होते. मी गळ्यात हार घेऊन खाली बघत ऐकत होतो. लोकांना तो माझा नम्रपणा वाटला.

घरापर्यंत पोहोचणं ही आमच्या शाळेची पद्धत होती. मुख्याध्यापिका असलेल्या सिस्टर वसईकडच्या. त्यांच्या लहानपणी चर्चचे फादर वर्षातून एकदा प्रत्येक घरी यायचे, बसायचे, घरात कोण आजारी आहे, कोणाचं शिक्षण थांबलंय ते विचारायचे. तेच सिस्टरांनी शाळेत आणलं. आमच्याकडे ख्रिस्ती मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, बाकी सगळी हिंदू आणि बौद्ध घरांतली. सिस्टरांना त्याने काही फरक पडत नव्हता. प्रत्येक शिक्षकाकडे पंधरा मुलं सोपवलेली, त्यांचा तो पालक-शिक्षक. वर्षातून दोनदा प्रत्येकाच्या घरी जायचं आणि एक छापील फॉर्म भरायचा. घरात माणसं किती, अभ्यासाला जागा कुठे, कोणी आजारी आहे का, पालकांना शिक्षणाची आस्था कितपत. शेवटी "घरभेट झाली" असं लिहून सही.

सिस्टरांचं एकच सांगणं असायचं. "सर, उंबऱ्याच्या आत जा. चहा दिला तर प्या. फॉर्म तिथेच बसून भरा, शाळेत येऊन आठवून भरू नका."

चौदा घरांच्या बाबतीत मी हे पाळलं. राहिलेल्या एका घराचं हे लिहितो आहे.

मुलगी नववीत होती, गणितात वर्गात पहिली. नव्वदच्या दशकातली गोष्ट. तिचं गाव डिंगोऱ्याच्या पुढे, रस्त्यापासून आत. ते गाव म्हणजे माझी सासुरवाडी. मुलगी बौद्धवस्तीतली. वस्ती ओढ्यापलीकडे, माझ्या सासऱ्यांच्या घरापासून चालत पाच मिनिटं.

घरभेटीच्या रविवारी मी आधी सासरी गेलो. न जाऊन कसं चालेल? हातपाय धुतले, ओट्यावर बसलो, पाणी प्यालो आणि निघायला उठलो. मेव्हणा म्हणाला, "कुठं निघाले दाजी?"

"एका मुलीच्या घरी. वस्तीवर. शाळेचं काम आहे."

"कुणाच्या, त्या मेस्त्रीच्या? आन् तुमी जाणार व्हय तिकडं? बसा गप. बोलावतो की त्यालाच हितं."

"अरे, घरी जायचा नियम आहे."

"नियम शाळेत राव. हितं तुमी आमचं जावई. उद्या गाव म्हणंल, दाजी वस्तीवर जाऊन चहा वरपत बसलं व्हतं."

ओट्यावर बसलेले दोघे-तिघे हसले. मीही हसलो आणि खाली बसलो. मेव्हण्याने मला अडवलं असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. तो म्हणाला "बसा" आणि मला सुटल्यासारखं झालं. वर्गात मी समतेवर निबंध लिहून घेत असे, त्यातल्या चांगल्या वाक्यांखाली लाल रेघ ओढत असे. पण त्या घरात गेलो तर चहा पुढे येणार, तो प्यावा लागणार आणि संध्याकाळपर्यंत गावभर होणार, एवढंच त्या वेळी माझ्या डोक्यात होतं.

मुलीचा बाप आला. हा माणूस आळेफाट्याला ट्रकच्या गॅरेजात काम करायचा, तिथेच राहायचा, रविवारचा तेवढा घरी. पूर्वी तो आणि त्याची बायको माझ्या मेव्हण्याच्या रानात कामाला असत. ते सोडून तो गॅरेजात गेला, म्हणून मेव्हण्याच्या तोंडी त्याच्यासाठी "मेस्त्री" हा शब्द. त्या शब्दात मान नव्हता. चप्पल बाहेर काढून तो अंगणात उभा राहिला. धुतलेला सदरा, नखांत काळं ऑइल. त्याला बस असं कोणी म्हटलं नाही. मीही नाही.

"नमस्कार सर. पोरगी सांगत व्हती तुमी येणार म्हून. सकाळीच घर सारवलंय तिनं. चला की."

"इथंच बोलू," मी म्हणालो. "मला पुढे अजून दोन घरं करायचीत." पुढे एकही घर नव्हतं.

"पाच मिन्टाचं काम हाय सर. पोरीची अभ्यासाची जागा बघा. आन् मला जरा बोलायचं बी व्हतं."

"मग बोला ना. इथं सगळी आपलीच माणसं आहेत."

त्याने एकदा ओट्यावरच्या माणसांकडे पाहिलं. मेव्हणा तंबाखू मळत त्याच्याकडेच बघत होता.

"नाय, तसं काय नाय," तो म्हणाला. "असू द्या मग. पोरीकडं लक्ष ऱ्हाऊ द्या."

तो फाटकाबाहेर गेला न गेला तोच मेव्हणा म्हणाला, "लक्ष ऱ्हाऊ द्या म्हणं! ह्यो हप्त्यातून येकदा उगवणार, आन् लक्ष द्यायचं मास्तरनं."

फॉर्म माझ्या मांडीवर होता. मी विचारलं, "घरी वातावरण कसं आहे त्यांच्या?"

"कसलं वातावरण? बाप असा. आई तर भाईर दिसत बी नाय. आधी आमच्याकडं खुरपायला यायची, आता मेस्त्रीणबाई झाली ना, घराभाईर पाय टाकत नाय. पोरीकडं कोण बघतंय?"

मी ते लिहून घेतलं. अभ्यासाची जागा: स्वतंत्र नाही. घरात आजारी व्यक्ती: नाही. पालकांची आस्था: उदासीन. घरभेट झाली. सही केली. मग आतून हाक आली, सासूबाईंनी मटणाचं ताट वाढलं होतं.

दुसऱ्या सहामाहीत मी गावात गेलोच नाही. जुन्या फॉर्मवरून नवा भरला.

वर्षभर ती मुलगी माझ्या तासाला डुलक्या घ्यायची. एकदा मी पुस्तक मिटलं आणि म्हणालो, "काय बाई, काल टीव्हीवर दोन सिनेमे लागोपाठ होते वाटतं?" वर्ग हसला. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "हो सर." मला तो उद्धटपणा वाटला. तिच्या घरी टीव्ही नव्हता.

नववीची परीक्षा झाली आणि तिने सिस्टरांकडे अर्ज दिला. शाळेच्या आवारात सिस्टरांचं मुलींचं वसतिगृह होतं, दहावीच्या मुलींना तिथे काही जागा मोफत मिळायच्या. त्या वर्षी एकच उरली होती. तिने अर्जात लिहिलं होतं, घरी अभ्यास होत नाही, दहावीपुरती जागा मिळावी. का होत नाही ते लिहिलं नव्हतं.

सिस्टरांनी मला बोलावलं. त्यांच्यासमोर अर्ज आणि माझे दोन्ही फॉर्म होते.

"मुलगी हुशार आहे, सर. हिला द्यावी असं माझ्या मनात आहे. पण तुम्ही तर उदासीन लिहिलंय."

"घरचं लक्ष नाही, सिस्टर."

"तुम्ही आत जाऊन बघितलंत ना?"

"हो."

सिस्टरांनी फॉर्म पुन्हा वाचला. म्हणाल्या, "घराची साथ नसली की मुलगी इथे टिकत नाही. दोनदा अनुभव आलाय. सुटीला घरी जाते आणि परत पाठवतच नाहीत." जागा दुसऱ्या मुलीला गेली. तीही गरजू होती, तिच्याबद्दल काही म्हणणं नाही.

यादी लागली त्या दिवशी ही मुलगी व्हरांड्यात माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "सर, माझं नाव नाही आलं."

"घरूनही अभ्यास होतो. मनावर घेतलं पाहिजे," मी म्हणालो.

"व्हय सर," ती म्हणाली. शाळेत ती नेहमी शुद्ध बोलायची. त्या दिवशी मात्र "व्हय" म्हणाली.

दहावीला तिचे खाडे वाढत गेले. दिवाळीच्या सुटीनंतर ती आलीच नाही. आठ दिवस वाट पाहून सिस्टर म्हणाल्या, "सर, एकदा जाऊन या." मी गेलो, पुन्हा आधी सासरी. मेव्हण्याला विचारलं, त्या मेस्त्रीची मुलगी शाळेत का येत नाही?

"आई गेली की तिची. पंधरा दिस झालं. मणक्याचा टीबी का कायसा व्हता म्हणं. दोन वर्सं पडून व्हती."

"मग तू मला त्या दिवशी सांगितलं नाहीस?"

"आमाला तरी कुठं ठाव, दाजी? त्यांनी सांगितलं तर ना."

पाच मिनिटांच्या अंतरावर एक बाई दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती आणि ती दिसत नाही म्हणून ओट्यावरची माणसं तिला आळशी म्हणत होती. मी ते फॉर्मवर लिहून शाळेत नेलं होतं.

त्या दिवशी मी ओढा ओलांडला. मला कोणी अडवलं नाही. घर दोन खोल्यांचं, जमीन सारवलेली, भिंतीवर बुद्धाची तसबीर. खाट उभी करून भिंतीला लावली होती. शेजारी जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेनने आखलेलं वेळापत्रक होतं. अक्षर मी ओळखलं. पाच वाजता पाणी, मग आईचं अंग पुसणे, औषध, भाकरी, भावांचे डबे. सात वाजता बस. संध्याकाळचं असंच. दर दोन तासांनी "कूस बदलणे". सगळ्यात खाली, दहा ते बारा, गणित आणि इंग्रजी. हीच मुलगी माझ्या तासाला डुलक्या घ्यायची.

बाप घरीच होता. त्याने मला बसायला घोंगडी टाकली. म्हणाला, "त्या दिवशी ह्येच बोलायचं व्हतं, सर. अंगणात उभं राहून बायकोचं दुखणं कसं सांगायचं? टीबी म्हणलं असतं तर पोरांना हापशावर पाणी भरू दिलं नसतं कुणी. पोरीला बी बजावलं व्हतं, शाळंत बोलायचं नाय. तिला हास्टेलात जागा मिळाली असती तर वर्सभर गॅरेज सोडून मीच तिच्या आईपाशी बसणार व्हतो."

मुलीने चहा आणला. पाठीमागे दोन लहान भाऊ दाराच्या आडून बघत होते. ती म्हणाली, "सर, मागच्या वेळी तुम्ही आलात तेव्हा नेमकी मी पाण्याला गेले होते. आण्णा म्हणाले."

मी तिच्या बापाकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

मी निघालो तेव्हा तो ओढ्यापर्यंत सोडायला आला. तिथे थांबून म्हणाला, "नववीतच सिस्टरनी तिला सांगितलं व्हतं, सर दोनदा तुमच्या घरी येऊन गेले म्हून. पोरीनं घरी येऊन इचारलं. पयल्या बारीला तर ती दिवसभर वाट बघत व्हती, तवा म्हणलं व्हतं सरांना घाई व्हती. दुसऱ्या बारीचं काय सांगू? म्हणलं, आले व्हते, तू पाण्याला गेलीवतीस. तिच्या आईला बी तसंच बोलायला लावलं."

"कशाला?" मी विचारलं. 

"मास्तर खोटं लिहितो म्हणल्यावर पोरगी त्याच्या वर्गात कशी बसंल, सर?"

तो रागाने बोलला असता तर मला सोपं गेलं असतं. त्याचा आवाज चढला नाही.

बोर्डाच्या परीक्षेला अजून चार महिने होते. मी सिस्टरांना खरं सांगितलं असतं तर त्यांनी वसतिगृहात जास्तीची खाट टाकली असती, हजेरीसाठी बोर्डाकडे पत्र लिहिलं असतं, धाकट्या भावांचीही काहीतरी सोय पाहिली असती. दुसऱ्या मुलांसाठी त्यांनी हे केलेलं मी पाहिलं होतं. त्यासाठी मला फक्त "मी त्या घरात गेलो नव्हतो" एवढंच म्हणायचं होतं. बसमध्ये मी ते मनात घोळवत आलो.

सिस्टर फळ्यावर सूचना लिहीत होत्या. "काय झालंय?"

"आई वारली तिची."

"अरे देवा. कशाने?"

माझ्या फॉर्ममध्ये, घरात आजारी व्यक्ती या ओळीपुढे, "नाही" लिहिलेलं होतं. दोन वर्षांचं दुखणं म्हटलं असतं तर सिस्टरांनी फॉर्म उघडला असता. मी म्हणालो, "अचानक."

"मुलगी येईल का परत?"

"वाटत नाही. वडिलांची तयारी नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या प्रार्थनेत सिस्टरांनी त्या आईसाठी दोन मिनिटं शांत उभं राहायला सांगितलं. "जिचं अचानक निधन झालं," असं त्या म्हणाल्या, आणि साडेचारशे मुलांनी डोळे मिटले. सिस्टर स्वतः तिच्या घरी जायचं म्हणत होत्या. मी "शनिवारी जाऊ" म्हणालो. शनिवारी मला ताप आला, म्हणजे आला असं मी सांगितलं. मग नाताळ आला, सराव परीक्षा आल्या आणि विषय मागे पडला.

जानेवारीत बाप दाखला न्यायला आला. शाळा सोडण्याचं कारण म्हणून कारकुनाने माझ्याकडून कळलेलं लिहिलं होतं, पालकांच्या इच्छेवरून. त्याने ते सावकाश वाचलं. मी शेजारच्या टेबलावर वह्या तपासत होतो. त्याने कारकुनाकडून पेन घेतलं, सही केली, माझ्याकडे पाहून "येतो सर" म्हणाला आणि गेला.

त्यानंतर मी प्रत्येक घरात शिरलो. वस्त्यांवर गेलो, ठाकरवाडीत गेलो, दिला तिथे चहा प्यालो, सासुरवाडीतही. काही वर्षांनी विद्यार्थी साहाय्याचं सगळं काम सिस्टरांनी माझ्याकडे दिलं. नवीन शिक्षकांना मीच सांगायचो, उंबऱ्याच्या आत जा. एखाद्याने फॉर्म बाहेर बसून भरला तर मला लगेच ओळखू यायचं, आणि मी त्याला सगळ्यांसमोर झापायचो. अशा रागाने काही फिटतं असं मला वाटत असावं. सिस्टर बदलून गेल्या. पुढे त्या वारल्याचं कळलं. त्यांना मी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

निवृत्तीनंतर एका माजी विद्यार्थिनीकडून समजलं की ती मुलगी आंबेगाव तालुक्यात पेठला दिली आहे आणि तिथे शिवणकाम करते. मी गेलो. रस्त्याला लागून घर, दाराशी मशीन. तिने मला लगेच ओळखलं आणि खुर्ची दिली. दहावी तिने लग्नानंतर बाहेरून केली होती, पदरात मूल असताना. गणितात शहाऐंशी मार्क, हे तिने मी न विचारता सांगितलं.

मी सगळं सांगितलं. ओटा, मेव्हणा, उदासीन, वसतिगृह, "अचानक". ती ब्लाउजला हूक लावत ऐकत होती. सुई थांबली नाही.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "सगळं नाही. पण तुम्ही घरी आला नव्हता, ते आण्णांनी शेवटच्या दुखण्यात सांगितलं."

मला वाटलं होतं ती रडेल किंवा मला घालवून देईल. ती म्हणाली, "आईची कूस बदलताना मी तिला म्हणायचे, आई, सरांनी आपलं घर बघितलंय, आता सिस्टरना सांगतील. कितीतरी महिने मी त्याच्यावर काढले. आणि आईला ठाऊक होतं, सर. ती नुसती हं म्हणायची."

मी हात जोडले. तिने तिकडे पाहिलं नाही.

"आमच्या आण्णांना उदासीन म्हणाले ते लोक. तुम्ही लिहून घेतलंत. मग कधी त्या लोकांसमोर जाऊन म्हणालात का, की ते खोटं होतं?"

"नाही."

"मग मला कशाला सांगताय? माझा बाप कसा होता ते मला माहीत आहे." तिने दोरा दाताने तोडला. "साडेचारची गाडी आहे नारायणगावला. नंतर लवकर नाही."

पुढच्या महिन्यात सासुरवाडीला एक साखरपुडा होता. जेवणं झाल्यावर ओट्यावर आठ-दहा माणसं बसली होती. मी उभा राहून सांगितलं. त्या मेस्त्रीबद्दल याच जागी जे बोललं गेलं आणि मी लिहिलं ते खोटं होतं, त्याची बायको दोन वर्षं अंथरुणाला होती, त्याची मुलगी आपल्यामुळे शाळेतून गेली. "आपल्यामुळे" हा शब्द मी मुद्दाम वापरला.

 मग मेव्हणा म्हणाला, "दाजी, बीपीची गोळी घेतली ना?" सगळे हसले. एक म्हातारा म्हणाला, मेस्त्री माणूस चांगला व्हता, आमचं इंजिन त्यानंच नीट करून दिलं व्हतं. दुसऱ्याने विचारलं, कुठलं, ते काळं व्हय? मग ते इंजिन कधी घेतलं, कितीला विकलं, यावर बोलणं गेलं. कोणी माझ्यावर चिडलं नाही. कोणाला चिडावं असं त्यात काही वाटलंच नाही.

परतीच्या बसमध्ये बायको म्हणाली, "शुभकार्यात हे काढायची काय गरज होती? माझ्या भावाचं नाव कशाला?" मी म्हणालो, मी माझंच सांगत होतो. ती खिडकीकडे तोंड करून बसली. हे लिहून झाल्यावर तिला वाचायला दिलं, तिने दोन पानं वाचून परत केलं.

ओट्यावर बोललो हे मी पेठला कळवलेलं नाही. दोनदा पत्र लिहायला घेतलं. पण कळवलं असतं तर तेही मी स्वतःसाठीच केलं असतं, आणि ते तिला पहिल्या ओळीतच कळलं असतं.